बोअरच्या तळाचा खोटारडा

मी बोलतोय, वाळवंटातल्या केबिली गावाच्या खजुरीबागांखाली, बोअरमध्ये ऐंशी मीटर खोल लटकलेला पाण्याच्या पातळीचा सेन्सर. डोक्यावर किती पाणी उरलंय ते मोजायचं आणि दोन बारीक तारांवरून, एकामागून एक आकडे, मोटर चालू-बंद करणाऱ्या वरच्या पेटीला कळवायचे, एवढंच माझं काम. खाली मिट्ट काळोख. वरची माणसं दिसत नाहीत, त्यांचं बोलणं तेवढं पाइपातून घुमत येतं. पेटी विचारते, मी सांगतो, एवढाच काय तो माझा संसार.

सहा वर्षं सुरळीत गेली. मग मोटरीचा वेग कमीजास्त करणारं नवं यंत्र आलं आणि माझी जुनी लाइन त्याच्याकडे गेली. मला वेगळी वीज द्यायची तर चर खणावा लागणार, चरात खजुरीची मुळं तुटणार. इथली माणसं सख्ख्या भावाशी भांडतील, पण खजुरीच्या मुळाला कुदळ लावणार नाहीत. म्हणून त्या यंत्राच्याच तारांवरून मला वीज दिली.

तेव्हापासून मोटर सुरू झाली की विजेबरोबर खरखर माझ्या अंगात शिरायची. मी 'बावीस मीटर' सांगावं, वर 'शून्य' पोचावं. पाणी संपलं असं समजून पेटी मोटर बंद करायची. एका गुरुवारी शेजारच्या बागेच्या म्हाताऱ्या मब्रूकाखालाची पाण्याची पाळी अशीच अर्ध्यावर बुडाली. पुढची पाळी आठ दिवसांनी, आणि जुलैचं ऊन!

"खोटारडा मेला!" पाणीवाटप बघणारा लारूसी ओरडला. "तोडतो याला. मोटर थेट जोडतो."

"आणि पाणी खरंच संपलं तर?" गाबेस शहराहून आलेली तंत्रज्ञ सिहेम म्हणाली. "मोटर जळेल, काका. मग कुणाचीच पाळी नाही."

"अगं पोरी, हा रोज पाणी संपलं म्हणतो आणि भुर्दंड आम्ही भरतो!"

पण सिहेमनं तारा सोडवून मला आपल्या गाडीच्या बॅटरीवर लावलं. मोटर चालू केली. बावीस. पुन्हा जुनी वीज लावली. शून्य. पुन्हा बॅटरी. बावीस.

"हा खोटं बोलत नाही," ती म्हणाली. "याच्या विजेतच त्या यंत्राची घाण मिसळतेय. वेगळी लाइन द्या, चर खणा."

लारूसीनं मब्रूकाखालाला हाक मारली. चर तिच्याच झाडांमधून जाणार होता.

"खणा," खाला म्हणाली. "पण हातानं. मुळं कुठं आहेत ते मी दाखवते. आणि तू रे लारूसी, कुदळ जरा हळू मार, बायकोवरचा राग माझ्या झाडांवर काढू नकोस!"

तरी दोन मुळं तुटलीच.

आता माझा शब्द न् शब्द वर पोचतो. त्या दिवशी बावीस होतं, आज एकवीस आहे. मी नवा होतो तेव्हा चाळीस सांगायचो. पहिले काही दिवस लारूसी आकडा मोठ्यानं वाचायचा. मग आकडा उतरू लागला तसा त्याचा आवाज बारीक होत गेला. हल्ली पेटीचं झाकण बंदच असतं. खोटारडा होतो तेव्हा शिव्या द्यायला तरी कुणी यायचं. आता फार एकटं वाटतं.

मोटर मी जळू देणार नाही, पण पाणी वाढवणं माझ्या हातात नाही. बाबांनो, झाकण उघडा, आकडा वाचा, आणि सगळ्यांच्याच पाळ्या थोड्या आखूड करा.