हवेची डबी

तिने किकवर पाय ठेवला, अंगाचा सगळा भार उजवीकडे घेतला आणि दाबली. किक अर्ध्यावर गेली आणि उलटा हिसका देऊन वर आली. पोटरीत कळ उठली. इंजिन एकदा खोकलं आणि गप्प झालं. वरच्या मजल्यावर चाललेला नळाचा आवाज थांबला.

"पाय मोडून घेशील," मिस्त्रीकाका स्टुलावरून म्हणाले. "तुझ्या बापानं हिच्यात इंजिन नाही, खेचर बसवलंय."

थोड्या वेळाने वर नळ पुन्हा सुरू झाला. सकाळपासून असंच चाललं होतं. खाली किक मारली की वर काहीतरी थांबायचं.

वडील जाऊन दीड महिना झाला होता. ते इथेच सापडले होते, घराखालच्या या गॅरेजमध्ये, गाडीला टेकून बसल्यासारखे. उजव्या पायात बूट, डाव्यात घरातली चप्पल. किकपुरता एकच बूट चढवायची त्यांची सवय होती. डॉक्टरांनी हृदय म्हणून लिहून दिलं, आणि सगळ्यांनी ते मान्य केलं.

तिला ते पुरत नव्हतं. मोटरसायकल बाहेरून जुनी, वडिलांच्या तरुणपणातली. आत मूळचं फारसं काही उरलं नव्हतं. मोठा पिस्टन, दुसऱ्याच गाडीचा कार्ब्युरेटर, आणि सीटखाली पत्रा कापून स्वतः घडवलेली एअर फिल्टरची डबी. इतकी उचापत करूनही तीस वर्षं ती दुसऱ्या किकेला चालू होत आली. गेल्या वर्षी त्यांना रस्त्यात चक्कर आली, गाडी पुलाच्या कठड्याला घासत थांबली. डॉक्टरांनी चालवायला बंदी केली. ते "हो हो" म्हणून घरी आले आणि दुसऱ्याच दिवशी टाकी भरून ठेवली. त्यानंतर काही दिवसांत गाडी रुसली. चालू झालीच तर धापा टाकायची आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन बंद पडायची.

भिंतीवर पेन्सिलीने त्यांनी तारखा लिहिल्या होत्या आणि पुढे किका. नऊ. चौदा. बावीस. एकतीस. शेवटच्या तारखेपुढे आकडा नव्हता.

दर रविवारी फोनवर ते तिला आकडा सांगत. "हरायचं नाही हं बाबा," ती हसून म्हणे. "पन्नास झाल्या की पार्टी." हे तिने अजून कुणालाही सांगितलं नव्हतं. गाडीत खराखुरा दोष निघायला हवा होता. बोट ठेवून दाखवता येईल असा, तिच्या चेष्टेपेक्षा मोठा.

जिन्यात पावलं वाजली. आई चार पायऱ्या उतरून थांबली.

"जेवायला चला. मिस्त्री, तुम्ही पण. ती काही चालू व्हायची नाही."

"वहिनी, तुमचा नवरा माझ्याबद्दल असंच म्हणायचा. तरी चालतोय की मी."

आई हसली नाही. "भंगारात द्या म्हणाले मी. तीनदा म्हणाले," असं म्हणून वर गेली.

"यांना काय झालं?" काका हळू आवाजात म्हणाले. "पूर्वी शेजारी बसून नवऱ्याच्या हातात पाने द्यायच्या. न बघता. माझ्या माणसांना जमत नाही ते."

त्यांनी सगळं एकेक करून तपासलं. ठिणगी निळी, कडक. कॉम्प्रेशन भरपूर. पॉइंटचं अंतर बरोबर, जेट स्वच्छ. मग त्यांनी कालच बसवलेला नवा प्लग काढून उजेडात धरला. तो काळाकुट्ट झाला होता.

"एका दिवसात एवढी काजळी. पेट्रोल येतंय, हवा येत नाहीये." त्यांनी सीट उचलली. "ही डबी उघडली असेल ना त्यांनी?"

"स्वतः केलेलं काम बाबा परत उघडत नसत."

"खरंय. साऱ्या जगावर संशय, फक्त स्वतःवर नाही." ते वाकले. "पण कुणीतरी उघडलीय. स्क्रूवरचे ओरखडे तेवढे जुने नाहीत."

चार स्क्रू निघाले. झाकण उचललं. फिल्टर स्वच्छ होता. त्याच्या पलीकडे, हवा आत येते त्या तोंडात, राखाडी कापडाची एक गोल गादी घट्ट बसवलेली होती.

"उंदीर शिवणकाम शिकले वाटतं," काका हसत म्हणाले आणि गादी चिमटीने ओढून तिच्या हातावर ठेवली. तीन पदर होते. तोंडाच्या मापाने तंतोतंत कापलेले, आणि कडेला फिरवून शिवलेले.

"हुशार आहे कुणीतरी," ते डबीत डोकावत बोलत राहिले. "फिल्टरच्या बाहेर बसवलंय. आत असतं तर धागा सुटून सिलिंडरमध्ये गेला असता, रिंगांची वाट लागली असती. म्हणजे बघ, गाडी थांबवायची होती, बिघडवायची नव्ह—"

त्यांनी वर तिच्याकडे पाहिलं.

ती कडेच्या टाक्यांकडे बघत होती. तीन आखूड, एक लांब. तिच्या शाळेच्या सगळ्या फ्रॉकांना हेच टाके होते. बाबांच्या विजारींच्या खिशांनाही.

काका बराच वेळ हात पुसत राहिले. स्वच्छ झाल्यावरही पुसत राहिले. मग त्यांनी दुसरा प्लग बसवला, डबीचे चारही स्क्रू आवळले आणि बाजूला झाले.

तिने गादी खिशात घातली. गाडीवर बसली. किक मारली.

पहिल्याच किकेला इंजिन पेटलं. आवाजाने गॅरेज भरून गेलं, फळीवरचे डबे थरथरू लागले. दीड महिना तिला हाच आवाज हवा होता. आता तो बंद करायचा होता आणि हात पुढे जात नव्हता.

आई या वेळी शेवटच्या पायरीपर्यंत आली. तिचे हात ओले होते. मुलीने गाडी बंद केली.

"चालू झाली," आई म्हणाली.

"हो."

"कितव्या किकेला?"

खोटं बोलायला जेवढा वेळ लागतो तेवढा तिने घेतला, पण ते जमलं नाही. "पहिल्या."

आईने जिन्याचा कठडा धरला. "काय झालं होतं?"

"उंदराचं घरटं होतं," मुलगी म्हणाली. "डबीत."

मिस्त्रीकाका पाने पेटीत भरायला लागले. आई गाडीकडे बघत होती, मग गाडीशेजारच्या रिकाम्या फरशीकडे. ओल्या हातांचं पाणी कठड्यावरून खाली ठिबकत होतं.

"धागा नाही ना गेला आत?" तिने विचारलं.

"नाही आई," मुलगी म्हणाली. "एकही नाही."