अकराजणींचं घरगुती कारण

दवाखान्यात सगळे तिला शंकाबाई म्हणत. नर्स म्हणून चोवीस वर्षं झाली होती, पण बाटलीवरचं नाव तीनदा वाचल्याशिवाय तिनं कधी इंजेक्शन भरलं नाही. ही बाई देव भेटला तरी आधी ओळखपत्र मागेल, असं कंपाउंडर म्हणायचा, आणि तिला त्यात काही वावगं वाटत नसे.

त्या दिवशीही ती नेहमीसारखी वह्या तपासत बसली होती. गुडघेदुखीवरच्या एका नव्या पावडरीची चाचणी चालू होती. निम्म्या बायकांना खरी पावडर, निम्म्यांना तशीच दिसणारी साधी. कुणाला कुठली, हे ना बायकांना ठाऊक ना नर्सला. औषधाचा गुण किती आणि मनाचा खेळ किती, हे असंच तर कळतं. प्रत्येकीनं रोज संध्याकाळी शून्य ते दहातल्या एका आकड्याभोवती गोल करायचा, काही त्रास झाला तर खाली लिहायचा. पण समोर बसलेल्या इस्त्रीवालीच्या वहीतले तीसच्या तीस गोल एकाच पेनाचे, एकाच दाबाचे, अगदी वाटोळे गरगरीत होते. रोज दुखणारं माणूस रोज इतकं नीटनेटकं लिहितं होय? शंकाबाईच्या मनात पाल चुकचुकली.

"वही कोण भरतं?" तिनं विचारलं.

इस्त्रीवालीनं नवऱ्याकडे पाहिलं. तो घड्याळं दुरुस्त करायचा. माणूस वाईट नव्हता. बायकोला हात धरून जिना चढवून आणलं होतं त्यानं. "मीच भरतो," तो म्हणाला. "रविवारी बसून आठवड्याची एकदम. हिचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. आता बरंय तिला, दोनवर आलंय."

"उरलेल्या पुड्या खाली मोजून द्यायच्या असतात. तेवढं करून या."

तो गेला तशी शंकाबाईनं खुर्ची जवळ ओढली. "आता तुम्ही सांगा. आज किती दुखतंय?"

बाईनं आधी दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "ह्यांनी किती लिहिलंय? तेवढंच सांगते. उगाच ते खोटे पडायला नकोत."

शंकाबाईला सणसणून राग आला, पण कुणाचा ते तिला ठरवता येईना. तिनं वही मिटली. "गुडघ्याचं राहू दे. चेहरा एवढा पांढराफटक का पडलाय?"

मग एकेक बाहेर आलं. पोटात आग पडते. उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. आठ दिवस शौचाला डांबरासारखं काळं होतंय. "असलं ह्यांना कसं सांगायचं? लिहायचं तर त्यांनाच."

पोटात रक्तस्राव होत होता. शंकाबाईनं क्षणही न दवडता गाडी बोलावली आणि तिला मोठ्या इस्पितळात धाडलं. घड्याळवाला पुड्यांची पावती हातात धरून गाडीमागे धावला.

संध्याकाळी चाचणी चालवणाऱ्या डॉक्टरांनी बोलावलं. "तिचं नाव चाचणीतून कमी करा. कारण घाला, घरगुती."

तिनं रजिस्टर उघडलं. आधी सोडून गेलेल्या दहाजणींपुढे तेच कारण होतं, आणि त्यातल्या सहा नोंदी तिच्याच अक्षरात. नवऱ्याचा नाहीतर मुलाचा फोन यायचा, "घरी जमत नाही तिला," आणि ही लिहून टाकायची. बाटलीवरचं नाव तीनदा वाचणारी बाई इथे एकदाही शंकली नव्हती. तिला स्वतःची लाज वाटली.

दोन दिवस रजा टाकून तिनं दहाही घरं पालथी घातली. प्रत्येक दारात पुरुष पुढे येई आणि म्हणे, "तिला काय धाड भरलीये?" ती पाणी मागायची आणि पाण्याच्या निमित्तानं स्वयंपाकघरात शिरायची. दहापैकी सहाजणींच्या पोटात आग पडली होती, आणि पाचजणींच्या वह्या घरातल्या पुरुषांनीच भरल्या होत्या. वाचणाऱ्यांनी हसू नये. आपल्या घरातल्या बाईचं काय दुखतं, हे डॉक्टरांपुढे कोण सांगतं ते आधी आठवावं.

"बाई, पाच-सहा पोटं बिघडली म्हणून औषध वाईट ठरत नाही," तिनं हे सगळं येऊन सांगितल्यावर डॉक्टर म्हणाले.

"नसेल ठरत. पण चांगलं तरी कुठे ठरतं? कुणाला कुठली पुडी होती ते तुम्ही बघा. मला एवढंच कळतं, की निम्म्या वह्या नवऱ्यांनी आणि लेकांनी भरल्यात. दुखणं बायकांचं, आणि गुण आलाय पुरुषांना."

"रजिस्टरवर तुम्ही सही केली नाहीत तर दुसरं कुणी करेल."

"करू दे. माझी मिळणार नाही."

नोकरी जाणार हे तिला दिसत होतं. तरी तिनं घरी बसून सातजणींचा त्रास त्यांच्याच शब्दांत लिहिला, उरलेल्या चौघींपुढे त्यांनी सांगितलेली कारणं लिहिली, स्वतःच्या सहा नोंदी चुकीच्या आहेत हेही लिहिलं, आणि चाचण्यांवर देखरेख ठेवणाऱ्या समितीला सगळं पाठवून दिलं.

नवव्या दिवशी समितीचे एक गृहस्थ इस्पितळात आले. शंकाबाई तिथेच होती. इस्त्रीवाली थोडक्यात वाचली होती. तीन बाटल्या रक्त चढवावं लागलं होतं. गृहस्थांनी कागद काढला आणि सवयीनं नवऱ्याकडे वळले. "नेमका काय त्रास होत होता यांना?"

घड्याळवाल्यानं बायकोकडे पाहिलं. "मला माहीत नाही," तो म्हणाला. "तीस दिवस मी लिहीत होतो, पण मला माहीत नाही. तिलाच विचारा." आणि तो बाहेर जायला उठला.

"बसा तुम्ही," इस्त्रीवाली म्हणाली. "तुम्हीपण ऐका."

तो बसला. ती कोपरावर भार देऊन उशीला टेकली आणि कागदवाल्या गृहस्थांकडे बघून म्हणाली, "माझे गुडघे दुखायला लागून सोळा वर्षं झाली. तिथपासून सांगते."