पालथं तिकीट

लेकीनं बोटांच्या चिमटीत धरून अल्बममधलं पोस्टाचं तिकीट उचललं, तसा काउंटरमागचा तिकीटवाला जवळजवळ ओरडलाच.

"अहो ताई, हात नका लावू! चिमटा कशाला ठेवलाय मग?"

ती ओशाळली. बोटांचा घाम तिकिटाला बाधतो, हे तिनं पुस्तकात वाचलं होतं. पण नवखा माणूस वाचतो एक आणि करतो भलतंच. चिमट्यानं उचलून तिनं तिकीट त्याच्यासमोर ठेवलं. शेजारच्या स्टुलावर आई बसली होती, मांडीवर पर्स घेऊन, दुसऱ्याच कुणाच्या तरी कामाला आल्यासारखी.

पोस्टाच्या तिकिटांचा तो अल्बम वडिलांचा. ते गेल्यावर आई म्हणाली, "रद्दीवाल्याला देऊन टाक." लेक हट्टाला पेटली. ग्रंथालयातून कॅटलॉग आणला, भिंग घेतलं, कडेचे दाते मोजायची पट्टी मिळवली आणि सगळ्या सुट्ट्या टेबलाशी घालवल्या. शेवटी मायलेकींचं ठरलं, की जाणकार सांगेल ते खरं. मोल निघालं तर अल्बम घरात राहणार, नाही निघालं तर आई म्हणेल तसं. खरं तर किमतीचं लेकीला निमित्तच होतं. संसारभर आईनं ज्यांना 'कागदाचे कपटे' म्हणून हिणवलं ते कपटे नव्हते, एवढं एकदा आईच्या कानावर पडावं म्हणून तिचा जीव तुटत होता.

"ज्यांच्या पाठीवर पेन्सिलीचा ठिपका आहे ना, ती खास आहेत," ती म्हणाली. "बाबांनी खूण करून ठेवलीय. कॅटलॉगमध्ये त्यांचेच भाव सगळ्यात चढे आहेत."

तिकीटवाल्यानं नुसतं "हं" केलं. भिंग डोळ्याला लावलं, तिकीट उजेडाकडे धरलं, तिरकं केलं.

"काय देखणं आहे हो," तो पुटपुटला.

लेकीनं लगेच आईकडे पाहिलं. आई काचेतून रस्त्यावरची रहदारी बघत होती.

मग त्यानं एक छोटी काळी थाळी पुढे ओढली, तिकीट तिच्यात पालथं ठेवलं आणि वर बाटलीतून बेंझिनचे थेंब सोडले.

"अहो, भिजलं ना ते!"

"काही होत नाही. हे लगेच उडून जातं. पण तोवर तिकिटाच्या पोटातलं सगळं बाहेर येतं."

तो वाकला आणि वाकलेलाच राहिला. ओल्या कागदावर कोपऱ्यापासून मधोमध एक गडद रेघ उमटली होती. त्यानं ठिपक्याचं दुसरं तिकीट घेतलं. तिथंही तेच. तिसऱ्याच्या कोपऱ्यात तर बोराच्या बीएवढा डाग निघाला.

"ताई, वाईट वाटून घेऊ नका," तो सावकाश म्हणाला. "ही फाटकी तिकिटं आहेत. कुणाचा कोपरा गेलेला, कुणाला भोक पडलेलं. आम्ही टाकून देतो असली. ती आणून दुरुस्त केलीत. ठिपका त्याचाच. पुढे कुणाची फसगत नको, म्हणून सच्चा माणूस अशी खूण ठेवतो. कॅटलॉगातला भाव असतो अखंड तिकिटाचा. ह्यांना बाजारात कुणी विचारणार नाही."

लेकीचा चेहरा खर्रकन उतरला.

"झालं समाधान?" आईनं पर्सचा पट्टा खांद्यावर घेतला. "चल आता. मी आधीपासून तेच सांगत होते."

"वहिनी, थांबा हो जरा." तिकीटवाला अजून थाळीवरच होता. "उभा जन्म ह्यात गेला माझा. भिंगाखाली मला हा सांधा दिसला नाही. मला! ठिपका नसता आणि बेंझिन नसतं, तर मी हे अखंड म्हणून विकत घेतलं असतं आणि वर चारचौघांत मिरवलं असतं. करत काय होते हे गृहस्थ?"

"गोदामात बिलं लिहायचे," लेक म्हणाली. "हे कुणी शिकवलं, देव जाणे."

"कमाल आहे! हे बघा, भोक बुजवायला कुठलाही कागद नाही घेतलेला. तिकिटं छापतात त्या पानाला कोरी किनार असते ना, त्याच किनारीचे तंतू सुटे करून एकेक बसवलाय."

आई उठता उठता थांबली.

"किनारीचे?"

"हो ना."

आईचं काम रफूचं. जळका कोट, कुरतडलेली शाल, शिंपी लोक तिच्याकडेच पाठवतात. भोक भरायचा धागा ती त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून काढते. बाहेरचा दोरा पहिल्याच धुण्यात उघडा पडतो, असं ती येईल त्याला ऐकवते.

"बघू," म्हणत तिनं स्टूल पुढे ओढलं आणि भिंग घेतलं. सांध्याची कड ती इंच इंच निरखत गेली.

"आधी कड विसविशीत करून घेतलीय," ती स्वतःशीच म्हणाली. "मग आतून बाहेर येत गेलेत. अगं बाई, काय हात आहे हा! इतकं बारीक मला नसतं जमलं."

आईच्या तोंडून वडिलांचं कौतुक लेक पहिल्यांदाच ऐकत होती.

"आणि माणूस डावखुरा," तिकीटवाला म्हणाला. "तंतूंचा कल बघा की. उजव्या हाताचा माणूस बरोब्बर उलटं बसवेल."

"छे हो. बाबा उजवे होते," लेक म्हणाली.

"डावखुरी मी आहे," आई म्हणाली.

भिंग तिच्या डाव्याच हातात होतं. ते तिनं काउंटरवर ठेवलं.

"मी रफूला बसले की हे खुर्ची ओढून शेजारी यायचे. अगदी खेटून. मांडीवर हा अल्बम, तोंडातून शब्द नाही. मी खेकसायचे, सरका तिकडे, हात हलवायला जागा नाही. घरात चांगला दिवा तो एकच. मला वाटायचं, दिव्यासाठी बसतात."

तिकीटवाल्यानं वाळलेली तिकिटं चिमट्यानं एकेक करून जागच्या जागी घातली.

"मग वहिनी, अल्बमचं काय करायचं? भाव फार नाही देता येणार, पण मी ठेवून घेईन. आनंदानं."

आईनं रुमालानं नाक पुसलं, पर्स खांद्यावरून काढून काउंटरवर ठेवली आणि थाळी जवळ ओढली.

"आधी पुढचं घाला ह्यात," ती म्हणाली. "सगळी बघायचीत मला."