दोन नद्यांच्या मधलं घर

पिट्सबर्गचा माणूस मुलगी परराज्यात देईल, पण स्वतः नदी ओलांडायची म्हटली की त्याच्या पोटात गोळा येतो. लेनर्ड पिसारचिकला तर दोन ओलांडाव्या लागत होत्या. तो दक्षिणेकडच्या कॅरिकचा, लोरेटा हेबर्ल उत्तरेकडच्या ट्रॉय हिलची, आणि सत्तरी गाठलेला हा विधुर त्या विधवेच्या प्रेमात पार बुडाला होता.

लेनर्डने उभा जन्म बस चालवली, पण एकाच मार्गावर. कॅरिकहून एक नदी ओलांडून शहराच्या मध्यावर जायचं आणि दुसरी लागायच्या आत परत फिरायचं. बाकीचं शहर त्याला ऐकूनच ठाऊक. लोरेटा टेकडीखालच्या लोणच्याच्या कारखान्यात बरण्यांची झाकणं तपासून निवृत्त झाली होती आणि माणसांकडेही अजून तशाच नजरेने बघायची. दोघांची गाठ पडली कुणाच्या तरी लग्नात. या शहरात लग्नाला केकपेक्षा आत्या-मावश्यांनी भाजलेल्या बिस्किटांच्या टेबलाला मान असतो. तिथे जर्दाळूच्या शेवटच्या बिस्किटाला दोघांनी एकदमच हात घातला आणि लेनर्डने तो मागे घेतला. इतक्या वर्षांत आपल्यासाठी कुणी असा हात मागे घेतला नव्हता, हे लोरेटाच्या लक्षात राहिलं.

नाताळात त्याने लग्नाचं विचारलं.

"लग्नाला माझी ना नाही," लोरेटा म्हणाली. "राहायचं कुठे?"

"कॅरिकला. आणखी कुठे?"

"ट्रॉय हिलला. आणखी कुठे?"

गाडं तिथेच अडलं. त्याचं घर त्याच्या बापाने स्वतः बांधलेलं, तर ती स्वतःच्या घरातच जन्मलेली. शेवटी तिनेच तोड काढली. ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत दर शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून शहरातल्या प्रत्येक चर्चच्या तळघरात मासे तळतात. तर दर शुक्रवारी नव्या वस्तीत मासे खायला जायचं आणि वस्ती पारखायची. नद्यांच्या उत्तरेला नको, दक्षिणेला नको, मधली. गुड फ्रायडेपर्यंत दोघांना एखादी पसंत पडली तर तिथे घर घ्यायचं. नाही पडली तर लग्नाचा विषय बंद, नुसते स्नेही म्हणून राहायचं.

"आणि एक," ती म्हणाली. "गाडी माझ्या दारात आणायची नाही. मी चर्चच्या कोपऱ्यावर उभी राहीन. आमच्या गल्लीत परकी गाडी थांबली की संध्याकाळपर्यंत तिचा नंबर सगळ्यांना पाठ होतो."

लेनर्डला ही अट जरा लागली. पण प्रेमात पडलेल्या माणसाला अटी घालायची सोय नसते, त्याने मान डोलावली.

पहिल्या शुक्रवारी ते पोलिश हिलला गेले. मासा झकास होता, बटाट्याचं सारण भरलेल्या पिरोगी लोण्यात पोहत होत्या. लेनर्डला हे आपल्याच आजोळी आल्यासारखं वाटलं. लोरेटाने घराघरांसमोरच्या पायऱ्या बघितल्या आणि म्हणाली, "इथे किराणा वर नेता नेता मी मरेन, आणि मग मला खाली आणायचे वांधे." पुढच्या खेपेला ब्लूमफिल्ड. तिथे इटालियन बायकांनी तिला टोमॅटोचा सॉस घोटायला चुलीपाशीच उभं केलं आणि ती खूश झाली. पण एका अनोळखी म्हाताऱ्याने लेनर्डला पायऱ्यांवरच विचारलं, "तू कोण, कुणाचा, आणि डॉक्टरकडे कशाला गेला होतास?" दवाखान्याची चिठ्ठी लेनर्डच्या खिशातून डोकावत होती. लॉरेन्सव्हिलमध्ये दोघांचं प्रथमच एकमत झालं. जिथे कुत्र्यांसाठी वेगळं केकचं दुकान आहे तिथे आपण राहायचं नाही.

मग लेनर्डने लबाडी केली. ब्रुकलाइन म्हणजे कशी सपाट, मोकळी, झकास वस्ती, असं सांगत तो तिला घेऊन गेला.

"लेन," कोबीच्या शेवया खाता खाता ती म्हणाली, "आपण नदी ओलांडून दक्षिणेला आलोय."

"जराशी."

"आणि तुझा न्हावी इथून पाच मिनिटांवर आहे."

लेनर्ड कानापर्यंत लाल झाला. ती मात्र हसून हसून खोकली आणि त्याच्या ताटातला मासाही खाऊन टाकला.

हिल डिस्ट्रिक्टमध्ये गोष्ट जमता जमता राहिली. कृष्णवर्णीयांचं ते जुनं चर्च, तिखट मसाल्याचा मासा, आणि वाढणाऱ्या बायकांनी लोरेटाला पहिल्या घासालाच नाव विचारून आपल्यात ओढलेलं. लेनर्ड दुसऱ्यांदा वाढून घेत मनातल्या मनात पडद्यांचा रंगसुद्धा ठरवून बसला. मग त्याने वर पाहिलं. लोरेटा खिडकीशी उभी राहून नदीपलीकडे आपली टेकडी शोधत होती. त्याने पडद्यांचा विचार तिथेच सोडला. आपणही परवा ब्रुकलाइनच्या खिडकीतून असंच कॅरिककडे बघत होतो, हे त्याला कबूल करावं लागलं.

गुड फ्रायडेच्या आदल्या रात्री मार्च संपता संपता बर्फ पडला. सकाळी लोरेटाचा फोन आला.

"आज मासे राहू देत. दुपारी सरळ घरी ये. माझं ठरलंय, ते तिथेच सांगेन."

घरी बोलावून सांगायचं म्हणजे नकारच, असं लेनर्ड धरून चालला. तरी त्याने टाय बांधला, कॅरिकच्या बेकरीतून ईस्टरचा गोड पाव घेतला आणि दोन्ही नद्या ओलांडल्या.

तिच्या गल्लीत बर्फाच्या ढिगांमध्ये गाड्या रुतलेल्या. फक्त तिच्या दारासमोर एका गाडीपुरती जागा खरवडून लख्ख केलेली, आणि मधोमध स्वयंपाकघरातली एक खुर्ची. आता, ज्याने बर्फ उपसला त्याची जागा, आणि खुर्ची म्हणजे त्याचा शिक्का, हे इथे पोरासोरांना कळतं. कायद्यात याचा कुठे उल्लेख नाही. पण पिट्सबर्गचा माणूस एक वेळ लाल सिग्नल तोडेल, कुणाच्या खुर्चीला हात लावणार नाही. लेनर्डने तर कधी बससाठीही अशी खुर्ची हलवली नव्हती.

समोरच्या ओट्यावरून ऑगी नावाचा शेजारी ओरडला, "ओ पाहुणे, त्या खुर्चीचा विचारही करू नका."

"नाही करत," लेनर्ड काच खाली करून म्हणाला. "कुणाची आहे?"

"लोरेटाच्या माणसाची. सकाळपासून स्वतः फावडं मारत होती बाई. मी मदतीला गेलो तर मलाच हाकललं."

"कोण माणूस?"

"मला काय ठाऊक? आम्ही कुणी त्याला बघितलेलं नाही. म्हणाली, येईल तेव्हा बघा."

लेनर्डने काच वर केली. गल्लीला दाखवण्याजोगा माणूस हिला मिळालाय, आणि आपल्याला मात्र चर्चचा कोपरा. त्याने गाडी वळवली आणि टेकडी उतरला. सरळ कॅरिक गाठायचं, असं त्याने ठरवलं होतं. पण पाव बाजूच्या सीटवर अजून गरम होता, आणि त्या माणसाचं तोंड तरी बघावं असंही वाटत होतं. त्याने पायथ्याशी गाडी लावली आणि ज्याला सगळे अजून डुकराची चढण म्हणतात त्या रस्त्याच्या कडेच्या पायऱ्या चर्चला जाताना घालायच्या बुटांनी चढायला लागला.

लोरेटाने दार उघडलं तेव्हा त्याला बोलायलाही दम उरला नव्हता.

"गाडी कुठाय?"

"खाली. पायथ्याशी."

"पायथ्याशी? दारात जागा असताना?"

"खुर्ची होती," तो म्हणाला. "कुणाच्या खुर्चीला मी हात लावत नाही. तुझा तो माणूस आला की मी जातो, हा पाव तेवढा घे."

लोरेटाने कमरेवर हात ठेवले.

"अरे ठोंब्या, सकाळपासून खांदा मोडून घेतलाय मी. तुझ्यासाठी."

लेनर्डच्या हातातला पाव वाकडा झाला.

"आणि त्या सगळ्या वस्त्या?"

"चांगल्या होत्या. पण आपल्या नव्हत्या. हा हिवाळा संपेपर्यंत आणि पुढचं वर्षभर इथे राहू. मग वर्षभर कॅरिकला. तिथे बर्फ तू उपसायचास, मी खिडकीतून सूचना देईन."

लेनर्डने नाक पुसलं, टाय सरळ केला आणि गाडी आणायला पुन्हा त्या सगळ्या पायऱ्या उतरला. या खेपेला त्या त्याला जाणवल्याही नाहीत.

तो वर आला तेव्हा लोरेटा भर रस्त्यात उभी होती. ऑगी ओट्यावर, समोरच्या तिन्ही घरांचे पडदे बाजूला. तिने सगळ्यांदेखत खुर्ची उचलून काखेत मारली आणि दुसऱ्या हाताने त्याला गाडी आत घ्यायची खूण केली. गाडी जागेत अगदी नीट बसली. लेनर्डने इंजिन बंद केलं, पण उतरला नाही.

"आता काय झालं?" लोरेटाने काचेवर टकटक केली. "उतरतोस ना?"

"थांब जरा," लेनर्ड म्हणाला. "नंबर नीट पाठ होऊ दे सगळ्यांना."