तेल लावलेल्या काठ्या

रविवारी सकाळी मी शीरमालच्या पाठीवर हात ठेवला आणि ती मला चावायला आली. मला! माझ्या खिशात नाक खुपसून गूळ पळवणारी शीरमाल, मला!

शीरमाल म्हणजे आमच्या रायडिंग स्कूलची घोडी. लखनौमध्ये केशर घातलेली एक गोडसर रोटी मिळते, तांबूस-नारिंगी. घोडीचा रंग डिट्टो तोच, म्हणून हे नाव. तबेला लखनौबाहेर ‘बख्शी का तालाब’ नावाच्या गावात, गव्हाच्या शेतांना लागून. बाबा एअरफोर्समध्ये आहेत, त्यांची बदली झाली म्हणून गेल्या वर्षी आम्ही पुण्याहून इकडे आलो. माझं नाव शर्मिष्ठा. नव्या वर्गातल्या मुलींनी त्याचं लगेच ‘शर्मीली’ करून टाकलं, आणि खरं सांगायचं तर मी होतेही तशीच. मग शीरमाल भेटली. एवढ्या उंचावर बसून लाजता येत नाही, ट्राय करून बघा.

पण त्या दुपारी तिला न्यायला टेम्पो येणार होता.

झालं असं की हल्ली पाठीवर कोणी बसलं की ती मागचे पाय झाडायची. शुक्रवारी तर तिने एका मुलाला उचलून भुशाच्या ढिगात फेकलं. तबेल्याच्या मालकीण कल्पना मॅम म्हणाल्या, “बस. बच्चों के बीच ऐसी घोड़ी नहीं रख सकती.” आणि त्यांनी मलिहाबादच्या एका वरातवाल्याला फोन केला. शीरमाल, वरातीत! जी कुकरच्या शिट्टीने दचकते, तिच्या कानाशी डीजे!

म्हणून मी निरोप घ्यायला आले होते, आणि ती चावत होती. मी नीट बघितलं. मान संपून पाठ सुरू होते तिथे घोड्याला एक उंचवटा असतो. त्याच्या खाली, दोन्ही बाजूंना, सूज होती. केस उडालेले होते.

तेवढ्यात इश्तियाक भाई बादली घेऊन चालले होते. घोड्यांची देखभाल करायला ते महिन्याभरापूर्वीच बाराबंकीहून आलेत.

“इश्तियाक भाई, ये क्या हुआ इसको?”

त्यांनी एक नजर टाकली. “कुछ नहीं बिटिया, काठी की मार है.”

आणि गेले पुढे! जसं काही ‘आज थंडी आहे’ म्हणावं तसं.

काठी. मार. माझ्या शीरमालला?

“आई!” मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या शेतातले बगळे उडाले.

आई बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर मटार सोलत बसली होती. ती कुठेही जाताना एखादं काम पिशवीतून घेऊन येते. धावत आली, सूज बघितली, आणि तिच्या हातातल्या शेंगा खाली पडल्या.

“अगं बाई! मुक्या जनावराला?” ओढणी कमरेला खोचून ती सरळ इश्तियाक भाईंच्या समोर जाऊन उभी राहिली. “भैया, सच बताओ. आप इसको काठी लगाते हो?”

“हाँ भाभीजी, रोज़ लगाता हूँ.” वर छाती काढून!

“रोज़?”

“सुबह भी, शाम को भी. बिना काठी के कैसे चलेगी?”

आईने माझा दंड घट्ट धरला. “और बाकी घोड़े लोग?”

“सबको लगती है. छोटे को छोटी काठी, बड़े को बड़ी.”

“बाई बाई बाई, मापं घेऊन मारतात!” आई माझ्याकडे वळून म्हणाली.

“उस कोठरी में टँगी हैं, देख लीजिए. कल ही सबको तेल लगाया है.”

“शर्मे!” आईने माझा दुसरा दंडही धरला. “तेल लावून ठेवल्यात गं काठ्या!”

पोलिसांना फोन करावा की बाबांना, हेच कळेना. आईने खोलीचं दार धाडकन उघडलं. आत एकही काठी नव्हती. साधी छडीसुद्धा नाही. भिंतीवर ओळीने खोगिरं टांगलेली, चामडं तेलाने चकाकतंय.

“काठियाँ कहाँ हैं?” आईने विचारलं.

“यही तो हैं,” इश्तियाक भाई गोंधळून म्हणाले.

आरडाओरडा ऐकून कल्पना मॅम आल्या. मी एका दमात सगळं सांगितलं, तशा त्या दाराला टेकून हसायलाच लागल्या. “अरे बाबा, काठी माने सैडल! आपकी मराठी में क्या होता है?”

“डंडा,” आई म्हणाली. इश्तियाक भाईंनी दोन्ही कान पकडले. “तौबा! मैं डंडा मारूँगा इसको?” आई इतकी लाजली की खाली बसून शेंगाच गोळा करायला लागली. तबेल्यात सगळे सॅडल म्हणतात, घरी आम्ही खोगीर म्हणतो, मग कसं कळणार होतं!

मीही हसत सुटले. आणि मध्येच थांबले.

कारण सूज तर होतीच ना. काठीचाच मार होता. म्हणजे खोगिराचा.

“मॅम, लेकिन इसकी सैडल तो नई है. ऍडजस्टेबल वाली.”

“हाँ, इसी के लिए कानपुर से मँगवाई. इसको कोई सैडल बैठती ही नहीं थी.”

“तो ऍडजस्ट किसने की?”

मॅमनी इश्तियाक भाईंकडे बघितलं. इश्तियाक भाईंनी खोगिराकडे.

“ऍडजस्टेबल है,” ते हळूच म्हणाले. “हो जाएगी ना.”

“अपने आप?”

मॅम ऑफिसात गेल्या आणि ड्रॉवरमधून खोगिराबरोबर आलेलं एक पाकीट घेऊन आल्या. सीलसुद्धा तोडलेलं नव्हतं. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. “मुझे लगा दुकान वाले ने लगाकर भेजा है.”

आता हे समजून घ्या. या खोगिराच्या पुढच्या भागात आत एक लोखंडी कमान असते. कमान घोड्याच्या खांद्यांपेक्षा अरुंद असेल तर ती चिमट्यासारखी रुतते. आमच्या खोगिरात मधल्या मापाची काळी कमान बसवलेली होती. पाकिटात अरुंद पिवळी आणि रुंद लाल.

मॅम म्हणाल्या, “पीली लगाओ. इसकी पीठ ऊपर से कितनी पतली है.”

“नहीं मॅम, रुकिए.” मी म्हणाले. मी! शर्मीली!

परीक्षेच्या दिवसांत मी घोड्यांचे जे व्हिडिओ बघते, त्यांचा शेवटी उपयोग झाला. एक जाड पण वाकणारी तार घेतली, शीरमालच्या उंचवट्यावरून दोन्ही बाजूंना अलगद दाबून बसवली, आकार न मोडता उचलली आणि जमिनीवर ठेवली. वर निमुळता आकार, खाली एकदम पसरलेला.

“हा तर आपल्या गावामागचा डोंगर,” आई वाकून म्हणाली.

पिवळी कमान तारेच्या खूप आत गेली. काळीसुद्धा आतच. लाल कमान तारेच्या शेजारी अशी बसली, जशा जुळ्या बहिणी.

कमान बदलायच्या आधी, खोगीर नक्की कुठे रुततं ते बघायला, मी आईची काळी ओढणी मागितली. शीरमालच्या पाठीवर पसरली, वर ऑफिसातली टाल्कम पावडर भुरभुरली आणि काळी कमान असलेलं खोगीर नुसतं टेकवलं. शीरमालने कान मागे टाकले, दात दाखवले. लगेच काढून उलटं केलं. खालच्या बाजूला पांढरे फक्त दोन गोळे उमटले होते. सूज होती बरोब्बर तिथे.

आईने तोंडावर हात ठेवला.

मग स्क्रू काढून लाल कमान बसवली. आता खोगीर पुढून खाली बसायला लागलं, उंचवट्याला जवळजवळ टेकलंच. म्हणून दोन्ही बाजूंना नमद्याचा, म्हणजे लोकरीच्या जाड थराचा, एकेक तुकडा घातला, तेव्हा वर नीट बोटं जातील एवढी फट राहिली. पुन्हा पावडर, पुन्हा टेकवलं. या वेळी दोन्हीकडे लांब, सारखे पट्टे उमटले आणि मधे कण्याची जागा कोरी.

आणि शीरमाल? तिने कानसुद्धा हलवला नाही. माझ्या खिशात नाक घातलं.

मी रडले. आईला सांगितलं पावडर डोळ्यात गेली.

पण मॅमनी टेम्पो रद्द केलेला नव्हता. फाटकाबाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला.

“मॅम,” मी म्हणाले, “आपको कोई एक नंबर छोटा जूता पहनाके दौड़ाए, और ऊपर से कंधे पे बच्चा बिठा दे, तो आप भी लात मारोगी!”

आईने मला चिमटा काढला. “अगं, मॅम आहेत त्या!”

मॅमनी शीरमालच्या सुजेकडे बघितलं, मग माझ्याकडे. “इश्तियाक, डॉक्टर साहब को फोन लगाओ. जब तक सूजन नहीं उतरती, इस पर कोई नहीं बैठेगा.” मला वाटलं, झालं, राहिली शीरमाल! “तुम भी नहीं, शर्मिष्ठा.”

टेम्पोवाला दोरी घेऊन आत आला होता. लाल कमानीच्या खोगिराकडे बघून त्याचे डोळे चमकले. “काठी भी साथ में मिलेगी, मॅडम?”

मॅमनी तोंड उघडायच्या आत आई पुढे झाली. हातात मटारची पिशवी, ओढणीभर पावडर.

“ना काठी जाएगा,” ती म्हणाली, “ना घोड़ी जाएगा. समझे?”