कपाटाची दुसरी किल्ली

कुलूप काही केल्या निघेना, तेव्हा तुळशीदासाने देवापुढच्या समईतलं तेल आणून त्यात सोडलं. किल्ली फिरली, कुलूप खाली पडलं आणि तो पोरासारखा हसला.

"अहो, एवढं काय!" खुर्चीत बसलेले हरिश्चंद्र मास्तर म्हणाले. "ठाण्याला शिबिराला काय जाऊन आलात, अंगात वारंच शिरलंय तुमच्या."

शिरलंच होतं. निर्मळच्या या वाचनालयात तुळशीदासाची उमेदीची वर्षं खिडकीमागे गेली होती. वाचकाने खिडकीतून पुस्तकाचं नाव सांगायचं, याने कपाट उघडून ते काढून द्यायचं, पुन्हा कुलूप. शिबिरात कुणीतरी सांगितलं की आता कपाटं उघडी ठेवा, लोकांना पुस्तकं हाताळू द्या, आणि याची झोपच उडाली. परत आला तो घरी न जाता थेट मास्तरांच्या दारात.

मास्तर वाचनालयाचे अध्यक्ष. शाळेतून निवृत्त झाल्यावर दारोदार वर्गणी मागून त्यांनीच हे उभं केलं होतं. पुस्तकाचं पान दुमडलेलं दिसलं तरी त्यांना जेवण गोड लागत नसे. कादंबऱ्यांच्या या मोठ्या कपाटाची दुसरी किल्ली कायम त्यांच्या खिशात असायची.

"या एकाच कपाटापुरतं," त्यांनी बजावलं. "एक पुस्तक जरी खराब झालं, तर मी स्वतः कुलूप लावीन. मग हा विषय परत काढायचा नाही."

"नाही काढणार!" तुळशीदास म्हणाला. त्या क्षणी त्याने काहीही कबूल केलं असतं.

पहिल्याच आठवड्यात नर्मदाकाकू आल्या. त्यांची केळीची बाग वाचनालयाला लागूनच, पण आजवर त्या कधी पायरी चढल्या नव्हत्या. प्रौढांच्या वर्गात अक्षरओळख झालेली, त्याचं कौतुक नवीन. पदराला हात पुसून त्या कपाटासमोर उभ्या राहिल्या.

"हात लावू?"

"लावा की! त्यासाठीच उघडलंय. इतके दिवस का नाही आलात, काकू?"

"येऊन सांगू काय? पुस्तकं तुम्ही आत कोंडलेली, मला त्यांची नावं कळणार कुठून?"

तुळशीदासाला हे इतकं लागलं आणि इतकं आवडलंही, की त्या दिवशी भेटेल त्याला तो हे ऐकवत सुटला. मग भुईगावहून रोझलीन आली, तिच्यामागून तिच्या जावा आल्या. बायका खाली बसून पुस्तकं चाळायच्या, मोठ्याने हसायच्या. वाचून झालं की पुस्तक आपल्या हाताने खणात ठेवायचं, तुळशीदासाने नुसती नोंद करायची. ओळी विस्कटल्या, पण त्याला त्याचं काही वाटेना.

आणि एका दुपारी मास्तर पाहणीला आले. कपाटाला हात टेकला मात्र, लाल मुंग्यांची रांग त्यांच्या बाहीवर चढली.

एक जाडजूड कादंबरी पोटुशी दिसत होती. मास्तरांनी ती उघडली. आत केळीच्या वाळक्या पानात गुंडाळलेलं, दाबून चपटं झालेलं सुकेळं, उन्हात वाळवलेलं गोड केळं. पाक झिरपून दोन पानं चिकटली होती.

मास्तर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते खिशातून किल्ली काढू लागले. कुलूप त्याच्याच टेबलावर पडलं होतं. ते त्याने उचलून द्यायचं होतं, पण त्याचा हात उठेना.

तेवढ्यात नर्मदाकाकू दुसरं पुस्तक परत करायला आल्या. त्यातूनही वाळक्या पानाचं टोक डोकावत होतं.

"हे तुम्ही ठेवलंत?" मास्तरांनी विचारलं.

"हो. का?"

"पुस्तकात?"

"मग रिकामं देऊ?" काकूंना खरंच कळेना. "शेजारून वाटीभर आमटी आली, तरी वाटी रिकामी परत करतो का आपण? तुमची सुमन असताना तिनं कधी धाडली रिकामी वाटी? आणि ह्या पुस्तकानं तर मला पंधरा दिवस रडवलं, हसवलं. काहीच न घालता ठेवायचं म्हणजे कसं दिसतं ते!"

बायकोचं नाव ऐकून मास्तरांचा किल्लीवरचा हात खिशातच राहिला. तिला जाऊन वर्ष होत आलं होतं. मुंग्या झटकायच्याही राहिल्या.

"काय आहे यात एवढं?" शेवटी त्यांनी काकूंच्या हातातल्या पुस्तकाकडे पाहून विचारलं.

"वाचा ना. मी सांगितल्यावर मजा काय?"

मास्तरांनी सुकेळं बाजूला काढलं, पुस्तक काखेत मारलं. "कुलपाचं नंतर बघू," म्हणाले आणि गेले.

तुळशीदासाने त्याच संध्याकाळी कपाटाशेजारी फुलांची एक जुनी टोपली मांडली. पुस्तकाबरोबर आलेलं इथं ठेवा, असं तो प्रत्येकाला सांगू लागला. टोपलीत चाफा पडला, चिकू पडले. येणाऱ्याजाणाऱ्याला तो हौसेने वाटायचा, पण दारात चप्पल वाजली की दचकून बघायचा.

मास्तर आले ते चार दिवसांनी, दिवेलागणीला. पुस्तक स्वतःच खणात सरकवलं, तेही उलटं, आणि पायऱ्या उतरून चालू लागले.

तुळशीदास ते सरळ करायला गेला. पानांत काहीतरी टणक लागलं. मास्तरांच्या घरी आता सुकेळी घालणारं कोणी नव्हतं. आत कपाटाची दुसरी किल्ली होती.

त्याने ती मुठीत धरली. मग कंबरेची आपली किल्लीही सोडली आणि दोन्ही टोपलीत, चाफ्याशेजारी ठेवल्या.