सिम काढलेला फोन

अमेरिकेच्या मोंटाना राज्यातल्या एका काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, आपत्कालीन फोनकक्षात बसणाऱ्या लोर्ना हाउगेनला त्या फोनचा वीट आला होता. तीन दिवस रोज सकाळी ९११ वर फोन यायचा आणि पलीकडून एक चिमुरडी नुसती खिदळायची. घरातला जुना, सिम काढलेला फोन कुणीतरी तिला खेळायला दिला असणार. लोकांना वाटतं, सिम काढलं की फोन मेला. पण तसल्या फोनवरूनही ९११ लागतोच. फक्त त्याला नंबर नसतो, त्यामुळे उलटा फोन करून घरच्यांना झापायची सोय नाही.

तिसऱ्या दिवशी लोर्नाचा पारा चढला. "ए पोरी, खेळणं आहे का हे? पुन्हा फोन केलास तर पोलीस घेऊन जातील तुला!"

पलीकडून फोन कट झाला.

चौथ्या दिवशी फोन आला नाही. "सुटले बाई एकदाची," म्हणत लोर्नाने निवांत कॉफी घेतली.

दुपारी एका शेजारणीने कळवलं, म्हातारा हॅरल्ड स्वयंपाकघरात पडलाय, हलत नाही. लोर्नाने ॲम्ब्युलन्स धाडली. तासाभराने वायरलेसवर पोलीस शिपाई व्हर्जिलचा आवाज आला.

"गेला गं म्हातारा. सकाळीच पडला होता. पाच वर्षांची नात उशाशी बसून होती, हातात जुना फोन घेऊन."

"मग लावला का नाही तिने?"

"मीही तेच विचारलं. म्हणते, फोनवरच्या बाईंनी नको म्हणून सांगितलंय. कोण गं ही बाई?"